काकाच्या डबीतली अळंबी

गेल्या गणपतीत काकाकडे गेले होते. आरती झाली, मोदक झाले, दुपारची झोप झाली, आणि चहाच्या वेळी काकाने खुणेनेच मला आतल्या खोलीत बोलावलं. कपाटातून एक बाटली काढली. काळी, चकचकीत, वर सोनेरी अक्षरं आणि हिमालयाचं चित्र. आत कॅप्सूल. लेबलवर लिहिलं होतं - कीडाजडी, शंभर टक्के नैसर्गिक, मूत्रपिंडांसाठी अमृत.

"भाचा उत्तराखंडला ट्रेकला गेला होता ना, त्याने आणली. घेऊ का गं?"

काका चोरून विचारतोय म्हणजे काकूला माहीत नाही, हे उघड होतं. एवढ्या वर्षांत डॉक्टरांच्या चिठ्ठीबाहेर साधी खोकल्याची गोळी न घेणारा माणूस! मी काही बोलायच्या आत त्याने उशीखालून एक कागद काढून माझ्या हातात दिला. रक्ताचा रिपोर्ट. क्रिएटिनिन १.९. खाली गेल्या वर्षीचा आकडा त्याने स्वतः पेन्सिलने लिहून ठेवला होता, १.५.

"तिला सांगू नकोस एवढ्यात," काका म्हणाला.

आमच्या गणगोताला हे सगळं पाठ आहे, पण बाकीच्या वाचकांसाठी सांगते. २००१ साली काकाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. आठ महिने डायलिसिसच्या खेपा झाल्या आणि मग काकूने स्वतःचं एक मूत्रपिंड त्याला दिलं. तेव्हापासून काकूचं एक ठरलेलं वाक्य आहे. काकाने लोणच्याच्या बरणीकडे हात नेला की ती म्हणते, "माझी वस्तू आहे ती, नीट वापरा." आम्ही सगळे हसतो. त्या दिवशी मात्र तो कागद हातात घेऊन मला हसू येईना. काकाला स्वतःच्या जिवाची भीती नव्हती. काकूची वस्तू आपल्या हातून बिघडतेय, याची होती.

आता माझ्याकडेच विचारणा का, तर मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पुढे बँकेत चिकटले ती कायमचीच. पण आमच्या घरात कोणाच्या कुंडीतल्या मोगऱ्याला कळी आली नाही तरी फोन मला येतो. म्हणून मी काकाला म्हटलं, दोन दिवस दे, वाचून सांगते. वाचायला बसले आणि पहिल्याच रात्री जे सापडलं त्याने थक्क झाले. गंमत अशी की काका गेली वीसहून जास्त वर्षं कीडाजडीच्या भावकीतलंच औषध घेतोय. रोज, सकाळी आठला आणि रात्री आठला. त्याच्या त्या निळ्या डबीतल्या कॅप्सूलमध्ये!

ही सगळी कथा आज लिहून काढतेय.

काकाच्या कॅप्सूलचं नाव सायक्लोस्पोरिन. फोडली की असा उग्र वास येतो की काकू खिडकी उघडते. लग्नात, रेल्वेत, एकदा तर स्मशानातसुद्धा काकाने आठ वाजता ती घेतलेली मी पाहिली आहे. तिच्यामुळे त्याच्या हातांवर अस्वलासारखे केस आले, हिरड्या सुजून दातांवर चढल्या, बोटं थरथरायला लागली. पण तिच्याशिवाय काकूचं मूत्रपिंड त्याच्या शरीराने कधीच बाहेरचं म्हणून मारून टाकलं असतं.

कारण दुसऱ्याचा अवयव शिवणं हे सर्जनांना फार आधीच जमलं होतं. टाक्यांची अडचण नव्हतीच. घोडं अडत होतं ते शरीराच्या प्रतिकारशक्तीपाशी. जंतू आणि जीव वाचवायला आलेलं मूत्रपिंड यांत तिला फरक कळत नाही. परकं ते परकं. २३ डिसेंबर १९५४ ला बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं, ते जुळ्या भावांमध्ये. हुबेहूब जुळे असल्यामुळे शरीराला परकेपणा जाणवला नाही. पण प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून आणायचा?

पुढची पंधरा-वीस वर्षं डॉक्टरांनी प्रतिकारशक्तीला जमेल तसं ठोकून गप्प केलं. स्टेरॉइडं आणि अ‍ॅझाथायोप्रिन. या औषधांनी शत्रूबरोबर गावही जळायचं. डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला डॉ. बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय बदललं, जगभर मथळे झळकले, पण तो रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. प्रतिकारशक्ती दाबली की जंतूंना रान मोकळं. आपल्या मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये, म्हणजे बर्नार्डनंतर अडीच महिन्यांच्या आत, भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं होतं. हे मला मुळीच माहीत नव्हतं! तो रुग्ण काही तासांतच दगावला. यशस्वी प्रत्यारोपणासाठी देशाला पुढे १९९४ पर्यंत थांबावं लागलं, तेव्हा ते दिल्लीत एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. मधल्या सव्वीस वर्षांत बरंच काही बदललं. नवी औषधं आली, कायदा झाला. त्या नव्या औषधांतलं सगळ्यात मोठं म्हणजे हे सायक्लोस्पोरिन.

आणि ते आलं मातीतून.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल गावी सँडोझ नावाची औषधकंपनी होती. पेनिसिलिन बुरशीतून सापडलं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूतून सापडलं, तेव्हापासून सगळ्या औषधकंपन्या मातीच्या मागे लागल्या होत्या. सँडोझने आपल्या नोकरांनाच सांगून ठेवलं होतं की सुट्टीला कुठेही गेलात तर पिशवीत थोडी माती भरून आणा. (आमच्या ऑफिसात महाबळेश्वरहून चणे आणतात. ज्याची त्याची पद्धत.) १९६९ साली हान्स पेटर फ्राय नावाचे त्यांचे एक जीवशास्त्रज्ञ नॉर्वेत हार्डांगरव्हिडा पठारावर फिरायला गेले होते. झाड नाही, झुडूप नाही, वारा आणि दगडांवरचं शेवाळ. तिथून त्यांनी माती आणली. त्या मातीतून बाझलच्या प्रयोगशाळेत एक पांढरट बुरशी वाढली. तशीच बुरशी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या मातीतही मिळाली होती. पुढे तिचं नाव पडलं टॉलिपोक्लॅडियम इन्फ्लॅटम.

आधी तिच्याकडून अपेक्षा होती ती दुसऱ्या बुरशा मारण्याची. ते तिला फारसं जमलं नाही. चार बुरशा मरायच्या, बाकीच्यांवर ढिम्म परिणाम नाही. एरवी अशी बशी कचऱ्यात गेली असती. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात आली होती, की त्या बुरशीच्या अर्काने उंदरांना काही होत नाही. विषारी नाही, मग दुसऱ्या कशाला उपयोग होतो का बघू, म्हणून तो अर्क निरनिराळ्या चाचण्यांना पाठवला. त्यातली एक चाचणी हार्टमान श्टेहेलिन यांच्या विभागात व्हायची, प्रतिकारशक्ती दबते का ते बघण्याची. जानेवारी १९७२ च्या अखेरीस नमुना क्रमांक २४-५५६ चा निकाल आला. उंदरांची प्रतिकारशक्ती चांगलीच दबली होती आणि बाकीच्या पेशी मात्र शाबूत होत्या. गाव न जाळता शत्रूला थोपवणारं काहीतरी पहिल्यांदाच हाती लागलं होतं.

हे कसं होतं ते पुष्कळ उशिरा, १९९१ च्या सुमारास, नीट उलगडलं. आपल्या रक्तातल्या टी-पेशी म्हणजे सैन्याचे नायक. परकं काही दिसलं की त्या रणशिंग फुंकतात आणि मग फौज जमते. ते शिंग फुंकण्यासाठी कॅल्सिन्यूरिन नावाचं एक प्रथिन लागतं. सायक्लोस्पोरिन पेशीतल्याच दुसऱ्या एका प्रथिनाला धरून त्या कॅल्सिन्यूरिनवर जाऊन बसतं. शिंग तिथेच राहतं, फुंकर मात्र निघत नाही. जुनी औषधं सैनिकांनाच कापत सुटायची, हे नुसता हुकूम अडवतं.

पण १९७२ साली कंपनीला यात फारसा पैसा दिसत नव्हता. प्रत्यारोपणं जगात होतच होती किती? अवयव टिकत नाहीत म्हणून प्रत्यारोपणं कमी, आणि प्रत्यारोपणं कमी म्हणून औषधात कोणी पैसे घालेना! त्यातून हे औषध पाण्यात विरघळेना. कॅप्सूलमध्ये भरून दिलं तर रक्तात काही उतरेना. तेव्हा जाँ-फ्रांस्वा बोरेल या शास्त्रज्ञाने ते अल्कोहोलमध्ये कालवलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. थोडी नशा चढली, पण रक्तात औषध सापडलं. तिकडे केंब्रिजमध्ये डॉ. रॉय कॅल्न यांच्याकडे कोस्टाकिस नावाचा ग्रीक डॉक्टर उंदरांवर प्रयोग करत होता. त्याने ते ऑलिव्हच्या तेलात कालवलं आणि काम फत्ते झालं. हे तेल म्हणे त्याच्या आईने घरून दिलं होतं, इंग्लंडमधल्या जेवणावर तिचा विश्वास नव्हता म्हणून. लाडवांचे डबे घेऊन परदेशी गेलेल्या आमच्या घरच्या पोरांना हे वाचून बरं वाटेल.

१९७८ साली कॅल्न यांनी पहिल्या रुग्णांचे अनुभव छापले. अवयव टिकत होते. पण ज्या मूत्रपिंडाला वाचवायचं, त्यालाच हे औषध त्रास देतं, हेही माणसांत पहिल्यांदा दिसलं. प्राण्यांच्या प्रयोगांत ते तसं कळलं नव्हतं. मात्रा जास्त होत होती, काहींना लसिकाग्रंथींचा कर्करोगही झाला. तिथेच हे औषध संपायचं. अमेरिकेत डॉ. थॉमस स्टार्झल यांनी मात्रा कमी करून जोडीला स्टेरॉइड दिलं, आणि गाडी रुळावर आली. नोव्हेंबर १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पूर्वी मृत व्यक्तीकडून मिळालेली निम्मी मूत्रपिंडं वर्षाच्या आत वाया जायची, आता पाचांतली चार वर्षभर टिकायला लागली. शोधाचं श्रेय बोरेल यांचं की श्टेहेलिन यांचं, यावर मात्र पुढे अनेक वर्षं वाद चालला. आमच्याकडे आंब्याच्या कलमांवरून चाललाय तसा.

इथपर्यंतची कथा मातीतल्या बुरशीची झाली. मग यात अळंबी कुठून आली?

त्यासाठी बुरश्यांची एक खोड सांगायला हवी. बऱ्याच बुरश्यांना दोन रूपं असतात. एक साधं बुरशीचं, पावावर येते तसं तंतूंचं. त्यातून ती आपले छाप काढावेत तशी पिल्लं काढत राहते. दुसरं रूप अळंबीसारखं. नर-मादीसारखा संकर झाला की ते उगवतं, आणि ते कधीतरीच. पूर्वीच्या शास्त्रज्ञांनी ही दोन रूपं वेगवेगळ्या ठिकाणी पाहिली आणि दोन्हींना वेगळी नावं दिली. आपल्याकडे बाईला माहेरचं एक नाव आणि सासरचं एक. दोन्ही गावच्या लोकांची गाठ पडली नाही तर ती एकच बाई आहे हे कोणाला कळावं? सायक्लोस्पोरिनच्या बुरशीचं असंच झालं होतं. हजारो माणसं तिच्यावर जगत होती, आणि तिचं दुसरं नाव-गाव कोणाला ठाऊक नव्हतं.

१९९६ मध्ये ती गाठ पडली. न्यूयॉर्क राज्यात इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथल्या जंगलात कुजलेल्या लाकडात राहणारी भुंगेऱ्याची एक अळी सापडली, मेलेली, आणि तिच्या अंगातून उगवलेली अळंबी. ही कॉर्डिसेप्स नावाच्या कुळातली होती. या कुळाचा धंदाच तो. जिवंत किड्याच्या अंगात शिरायचं, त्याला आतून खायचं, आणि तो मेला की त्याच्या शरीरातून काडीसारखं डोकं वर काढायचं. त्या अळंबीचे बीजाणू घेऊन प्रयोगशाळेत वाढवले, तर बशीत उगवली कोण? टॉलिपोक्लॅडियम इन्फ्लॅटम! नॉर्वेच्या मातीतली आपली जुनी ओळख. कॅथी हॉज आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ते त्याच वर्षी प्रसिद्ध केलं. (या हॉजबाईंनी पुढे विद्यापीठात अळंब्यांवरचा एक झकास ब्लॉग चालवला. म्हणजे आपल्याच जातीच्या.)

आता कीडाजडी म्हणजे काय? तर हिमालयात तीन ते पाच हजार मीटर उंचीवर गवताखाली राहणाऱ्या एका पतंगाच्या सुरवंटाला मारून त्याच्या डोक्यातून उगवणारी अळंबी. पूर्वी तीही कॉर्डिसेप्सच म्हणवायची. २००७ साली तिचं नाव बदलून ऑफिओकॉर्डिसेप्स झालं. तिचं आणि काकाच्या कॅप्सूलमधल्या बुरशीचं कूळ शास्त्रज्ञ आज एकच मानतात. प्रजाती वेगळ्या, पण सुतक पाळावं एवढी जवळची भावकी.

हे मी काकाला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "म्हणजे मी एवढी वर्षं किड्यातली बुरशी खातोय?" आणि पुढच्याच क्षणी, "मग ही बाटली घ्यायला काय हरकत आहे? घरचीच आहे की!"

त्याचं म्हणणं वरवर बिनतोड होतं. मीही थोडी गडबडले. मग पुन्हा वाचायला बसले.

कीडाजडीची कीर्ती जुनी आहे, हे खरंच. पंधराव्या शतकातल्या तिबेटी वैद्यकग्रंथात तिचं वर्णन आहे. तिबेटी नावाचा अर्थच उन्हाळ्यात गवत, हिवाळ्यात किडा. चीनच्या औषधी ग्रंथांत ती पुढे सतराव्या-अठराव्या शतकात आली. शक्ती देणारी, फुप्फुसांना आणि मूत्रपिंडांना चांगली, असं तिथे लिहिलं जातं. पण त्या वैद्यकातलं मूत्रपिंड म्हणजे रक्त गाळणारा अवयव एवढंच नाही. वीर्य, हाडं, म्हातारपणची ताकद, हे सगळं त्या शब्दात येतं. लेबल छापणाऱ्याला हा फरक सांगायची गरज वाटली नाही, आणि क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला तो सुचला नाही.

जगभर तिचा बोलबाला झाला तो १९९३ मध्ये. चीनच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत बेजिंगला मुलींनी धावण्याचे जागतिक विक्रम धडाधड मोडले. वांग जुनशियाने दहा हजार मीटर २९ मिनिटं ३१.७८ सेकंदांत मारले. जगाने संशय घेतला तेव्हा त्यांचे प्रशिक्षक मा जुनरेन यांनी सांगितलं, कासवाचं रक्त आणि कीडाजडी. झालं, भाव आकाशाला भिडला. २०१६ मध्ये त्या मुलींनी १९९५ साली लिहिलेलं एक पत्र चिनी वृत्तमाध्यमांतून उजेडात आलं. आम्हाला बंदी असलेली औषधं घ्यायला लावली, असं त्यात होतं. तोवर वीस-बावीस वर्षं लोक त्या विक्रमाच्या नावाने सुरवंट विकत घेत होते.

ते सुरवंट शोधायला पिथोरागड, चमोलीकडची माणसं बर्फ वितळताच मुलाबाळांसकट वर जातात आणि गवतात पोटावर सरपटत बोटभर काडी हुडकतात. त्यावर त्यांचं वर्षाचं घर चालतं. मिळणारा माल कमी होत चालला, आणि २०२० मध्ये ही अळंबी जगाच्या धोक्यात असलेल्या प्रजातींच्या लाल यादीत गेली. इतकी दुर्मीळ वस्तू त्या चकचकीत बाटलीत किती असेल, हा प्रश्न माझ्या मनात आलाच. बाजारातल्या बऱ्याचशा कॅप्सूलमध्ये प्रयोगशाळेत भातावर वाढवलेली दुसरीच जात असते. आणि खऱ्या मालाचीही खात्री नाही. चीनच्याच सरकारी खात्याने २०१६ मध्ये या पदार्थांत आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं म्हणून लोकांना सावध केलं होतं.

मग परंपरा सगळी खोटी का? तसंही नाही, आणि हे मला मुद्दाम सांगायचंय. जपानमध्ये क्योतो विद्यापीठात तेत्सुरो फुजिता नावाचे संशोधक होते. त्यांनी असा विचार केला की सायक्लोस्पोरिन बुरशीतून आलं, चिनी लोक किड्यातल्या अळंबीला औषध मानतात, तर तिच्या भाऊबंदांत अजून काही असेल. सिकाडा म्हणून झाडावर कर्कश ओरडणारा किडा असतो, त्याच्या पिल्लांवर वाढणारी एक बुरशी त्यांनी घेतली. तिच्यातून एक पदार्थ निघाला, पण तो फार विषारी होता. त्याच्या रेणूत काटछाट करत करत १९९२ मध्ये त्यांनी फिंगोलिमॉड तयार केलं. ते आधी मूत्रपिंडाच्या रुग्णांत वापरून पाहिलं, तिथे जुन्या औषधांपेक्षा सरस ठरलं नाही. शेवटी २०१० मध्ये ते मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जातंतूंच्या आजारावर अमेरिकेत मंजूर झालं. जुन्या वैद्यांच्या बोटाने दिशा दाखवली होती. पण बोट दाखवल्यापासून गोळी हातात येईपर्यंत मध्ये काटछाट, विषारीपणाच्या चाचण्या, एक अपयश आणि कित्येक वर्षं गेली. काकाच्या बाटलीने हा मधला रस्ता चालायचे कष्टच घेतले नव्हते.

मूळ मुद्दा तर त्याहूनही साधा आहे. या अळंब्या आपल्यासाठी औषध बनवत नाहीत. अळंबीला काकाच्या मूत्रपिंडाशी काय देणंघेणं? कॅल्सिन्यूरिन किड्यातही असतं, बुरशीतही असतं आणि आपल्यातही. शिकारीच्या किंवा शेजारच्या बुरशीच्या पेशीत गोंधळ घालायला तिने जे हत्यार केलं, ते आपल्यालाही लागू पडलं, एवढंच. मोजून घेतलं तर काकूचं मूत्रपिंड टिकतं, जास्त झालं तर तेच बिघडतं. म्हणून तर दर थोड्या दिवसांनी काकाच्या रक्तातलं औषध मोजतात. पपनसाने ते वाढतं म्हणून आमच्या घरात गणपतीपुढच्या फळांतलं पपनस काकाला मिळत नाही. आणि उलटही होतं. २००० साली झुरिकमध्ये हृदय बदललेल्या दोन रुग्णांनी मन उदास असतं म्हणून सेंट जॉन्स वर्ट नावाची निरुपद्रवी समजली जाणारी वनस्पती घेतली. तिने रक्तातलं सायक्लोस्पोरिन इतकं उतरवलं की शरीर नवीन हृदयावर उलटलं. तीही शंभर टक्के नैसर्गिकच होती.

कीडाजडीचं काय? मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना ती देऊन चीनमध्ये काही प्रयोग झालेत. २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेने ते सगळे एकत्र तपासले आणि भरवसा ठेवावा असा पुरावा नाही, असं सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी हे सगळं काकाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे करण्यासारखं काही नाही."

तेव्हा मला कळलं की बाटली घ्यायची इच्छा अडाणीपणातून आलेली नाही. वीस वर्षं हा माणूस सांगितलेलं सगळं करत आला आहे. आता आकडा वाढतोय आणि त्याला स्वतःच्या हाताने काहीतरी करायचंय. भाच्यालाही मामासाठी काहीतरी करायचं होतं. (तू हे वाचतोयस हे मला माहीत आहे. रागावू नकोस. बाटलीचे पैसे मी देणार नाही, पण मोदक देईन.)

करण्यासारखं एक होतं. काकूला सांगणं. ते आम्ही त्याच संध्याकाळी केलं. काकूने रिपोर्ट पाहिला, बाटली पाहिली, आणि काकाला म्हणाली, "वीस वर्षं वापरलेली वस्तू आहे. झिजायचीच. चोरून काय बसलात?" दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी बाटली बघून नकार दिला, सायक्लोस्पोरिनची मात्रा थोडी उतरवली, रक्तदाबाची गोळी बदलली. आजकाल नव्या रुग्णांना बहुधा टॅक्रोलिमस देतात, तेही मातीतूनच आलंय, पण काकाचं जुनं औषध सध्या तरी चालू ठेवलंय. पुढच्या तपासणीत आकडा १.७ आला. पुढे काय होईल कोणी सांगावं. पण आता कागद उशीखाली नसतो, फ्रिजवर चिकटवलेला असतो.

जाता जाता एक. कोकणातल्यांना फणसोंबा आठवतोय का? फणसाच्या खोडावर वाढणारी लाकडासारखी कडक, तपकिरी अळंबी. आमच्या आजीच्या गुटीच्या डब्यात तिचा तुकडा असायचा. बाळाची लाळ फार गळायला लागली किंवा तोंड आलं की सहाणेवर पाण्यात उगाळून हिरड्यांना लावायची. काकाला लावलाय, माझ्या बाबांना लावलाय, मलाही लावलाय. पुण्याचे अळंबीतज्ज्ञ जे. जी. वैद्य आणि त्यांचे सहकारी रब्बा यांनी १९९३ मध्ये लोकऔषधांतल्या बुरश्यांवर लेख लिहिला, त्यात या फणसोंब्याची दखल आहे. कोणी आपल्या आज्यांचं ऐकून लिहून ठेवलं, हे वाचून मला फार बरं वाटलं. त्याची गोळी मात्र अजून तरी कोणी केलेली नाही.

काका परवा फोनवर म्हणाला, "औषधाने हिरड्या सुजल्यात. आईचा फणसोंबा लावू का?" मी ओरडणार तेवढ्यात मागून काकूचा आवाज आला, "आधी डॉक्टरांना विचारा!" आणि काकाचा आठचा गजर वाजला.

तुमच्या घरी कोणाच्या डब्यात फणसोंब्याचा तुकडा असेल तर जरूर कळवा. कोणत्या झाडावरचा, कोणी काढला, कशासाठी वापरायचे, जे आठवेल ते. आज्या आहेत तोवर विचारून घ्या. उगाळू मात्र नका, फक्त लिहून ठेवा.